घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू यायलंय? कानाची मशीन घेण्याआधी आणि घेतल्यावर काय करायचं

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारी, लातूरला बसते, आणि माझ्यापुढं येणारे बरेचसे आबा-नाना एकच वाक्य बोलतात, "मला ऐकू येतंय की, हीच लोकं तोंडातल्या तोंडात बोलायलीत." शेजारी सूनबाई गप बसलेली असते, कारण घरी टीव्हीचा आवाज पार गल्लीत जायलाय आणि फोनवर बोलताना आबा आख्ख्या वाड्याला ऐकवतात. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. वयानं जे ऐकणं जातं ते आधी बारीक, उंच आवाजांचं जातं, म्हणजे स, श, फ, थ, ख असले. अ, आ, ओ शाबूत राहतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही, "साखर दे" म्हटलं तर "भाकर?" असं होतं, आणि मग लोकं ओरडतात, ओरडल्यानं आवाज मोठा होतो पण स काही स्पष्ट होत नाही, वर आबांना वाटतं हे लोक आपल्यावर खेकसायलेत.

तर हे वाचणाऱ्या पोरा-पोरींसाठी आणि सुनांसाठी सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते. यात २०२३-२४ मध्ये जे संशोधन आलंय तेपण सांगते, कारण त्यातलं अर्धवट काहीतरी जाहिरातीत घुसडून तुम्हाला मशीन विकली जायलीय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही म्हाताऱ्यांनाच नाही तर कोणालाही लागू आहे. ऐकणं हळूहळू वर्षानुवर्षं कमी होत आलंय की अचानक गेलंय, हे पहिल्यांदा विचारा. रात्री झोपताना बरं होतं आणि सकाळी उठल्यावर एक कान बंद, किंवा दोन-तीन दिवसांत एका बाजूचं ऐकणं धपकन उतरलं, कानात शिट्टी वाजायलीय, तर "मळ असेल, पाणी गेलं असेल, बाजारच्या दिवशी दाखवू" असं करायचं नाही. घरी एक छोटी ट्रिक करून बघा, तोंड मिटून "म्म्म्म" असं गुणगुणायला लावा. आवाज बंद कानातच जास्त घुमतोय असं वाटलं तर बहुतेक मळ किंवा पडद्यामागचा काहीतरी प्रॉब्लेम असतो, पण आवाज चांगल्या कानाकडं पळाला तर नस गेल्याचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी ईएनटीकडं, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जायचं. ट्रिक म्हणजे तपासणी नाही हे ध्यानात ठेवा, आवाज कुठंही घुमला तरी अचानक गेलेला कान डॉक्टरला दाखवायचाच, फक्त किती पळायचं ते यावरून कळतं. यात स्टिरॉइड देतात आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, पहिले दोन आठवडे महत्त्वाचे, उशीर झाला तर पडद्यातून आत इंजेक्शन द्यायचा पर्याय काही आठवडे असतो पण तिथपर्यंत वाट बघायची कशाला.

इथं नवीन काय तर जर्मनीत ३२५ पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली, होडोकॉर्ट नावाची, २०२४ मध्ये छापून आली. स्टिरॉइडचा जबरदस्त मोठा डोस शिरेतून दिला तर जास्त फायदा होतो का हे त्यांना बघायचं होतं. नाही झाला. साध्या डोसच्या गोळ्यांइतकाच फरक पडला, उलट मोठ्या डोसवाल्यांना त्रास जास्त दिसला. आपल्याकडं घरटी एक शुगरवाला आहे आणि स्टिरॉइडनं शुगर भडकते, म्हणून ही बातमी आपल्या कामाची. डॉक्टरला शुगर-बीपी आधी सांगा, आणि "सलाईनमधून जोरदार काहीतरी द्या" असा हट्ट करू नका. डोस किती हे मात्र डॉक्टरच ठरवणार, वाचलेल्या आकड्यावरून गोळ्या आणायच्या नाहीत. आणि ऐकणं जाण्याबरोबर तोंड वाकडं, जीभ अडखळणं, हातापायात जोर नसणं, चालताना तोल जाणं असलं काही असेल तर ईएनटी वगैरे विसरा, सरळ कॅज्युअल्टी, तो लकवा असू शकतो.

बरं, आता हळूहळू कमी झालेलं ऐकणं.

पहिलं काम कान बघून घ्यायचं. मळ गच्च भरला असेल तर मशीन काय आणि टेस्ट काय, सगळं चुकीचं येतं. घरी लसूण घालून कढवलेलं तेल टाकायची पद्धत आमच्या इकडं लई जुनी आहे, मला माहितीय आजीला वाईट वाटेल, पण पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ आत जातं आणि भोक आहे का नाही हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. त्यात पावसाळ्यात ओल, वर तेल, वर काडी-पिन-गाडीची चावी, मग बुरशी धरते आणि कान खाजून खाजून सुजतो. इअरबडनं मळ निघत नाही, आत ढकलला जातो. मेणबत्तीसारखं कानात लावून पेटवायचं जे मिळतंय ते तर हातच लावू नका. डॉक्टर आधी पडदा बघतात, मऊ करायचे थेंब काही दिवस देतात, मग काढतात.

कान एकाच बाजूचा कमी झालाय, किंवा घाण वासाचा पू येतोय, रक्त येतंय, चक्कर येतेय, तर मशीनच्या दुकानात जायचं नाही, आधी ईएनटी. एकाच बाजूचं ऐकणं कमी असेल तर कधी कधी नसेवरची गाठ बघायला एमआरआय सांगतात, ते पैसे काढायला सांगत नाहीत.

दुसरं, टेस्ट. प्युअर टोन ऑडिओमेट्री, लोक नुसतं पीटीए म्हणतात. आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावून करतात, अर्धा तास पकडून चाला. सोबत पडद्याची टिम्पॅनोमेट्री आणि शब्द ओळखायची टेस्टपण झाली तर उत्तम. कुठं करायची? संभाजीनगरची घाटी, लातूरचं शासकीय मेडिकल, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, ही सगळी सरकारी मेडिकल कॉलेजं, सगळीकडं ईएनटी विभाग आहे. ऑडिओमेट्री कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या, नाहीतर गावाहून पहाटेची एसटी धरून यायचं आणि "उद्या या" ऐकून परत जायचं. दुकानात टेबलावर बसवून, शेजारी ट्रॅफिक चालू असताना मोबाईलवर पाच मिनिटात केलेली "फ्री टेस्ट" मी टेस्ट मानत नाही.

रिपोर्ट, म्हणजे ऑडिओग्राम, वाचायला सोपा आहे, घाबरू नका. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खाली खाली जाईल तसं ऐकणं वाईट. डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या आकड्यांची सरासरी काढायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीप्रमाणं २० डेसिबलच्या आत नॉर्मल, २० ते ३५ थोडं कमी, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यमपेक्षा जास्त, त्यापुढं गंभीर. रेघ ४००० पाशी खड्ड्यासारखी खाली गेली असेल तर बहुतेक आयुष्यभर गोंगाटात काम झालेलं असतं. जिनिंगमध्ये, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, नाहीतर हंगामभर मळणी यंत्राच्या तोंडाशी उभं राहून. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेपुढं नाचणाऱ्या नातवाला हे वाक्य वाचून दाखवा.

आता संशोधनाचं बोलू, कारण "मशीन लावली की विसरभोळेपणा होत नाही" असं सांगून लाखाची मशीन गळ्यात मारणारे लई झालेत.

खरं काय आहे ते असं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशननं, म्हणजे तज्ज्ञांच्या गटानं, डिमेन्शियाची (विसरभोळेपणाच्या आजाराची) टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली आणि त्यात ऐकू न येणं हे अगदी वरच्या कारणांपैकी एक आहे, साधारण ७ टक्के वाटा त्याचा धरलाय. पण मशीन लावल्यावर डिमेन्शिया टळतो का हा वेगळा प्रश्न. त्यावर अमेरिकेत अचीव्ह नावाची ट्रायल झाली, २०२३ ला लॅन्सेटमध्ये आली. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, निम्म्यांना मशीन आणि ऑडिओलॉजिस्टच्या सिटिंग, निम्म्यांना नुसती आरोग्याची माहिती, आणि तीन वर्षं बघितलं. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर बुद्धीच्या टेस्टमध्ये दोन गटांत फरक निघाला नाही. हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. पण त्यातला एक छोटा गट जास्त वयाचा होता, शुगर-बीपीसारख्या तक्रारी जास्त, सुरुवातीलाच टेस्टमध्ये थोडे मागं असलेले. त्यांच्यात मशीनवाल्यांची घसरण ४८ टक्के कमी वेगानं झाली. म्हणजे धडधाकट माणसाची बुद्धी तीन वर्षांत मुळातच फार उतरत नाही, मग फायदा दिसणार कुठून, आणि ज्यांची उतरायलीय त्यांना आधार मिळतो असं दिसतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडचे शुगर, बीपी आणि तंबाखू असलेले आबा त्या दुसऱ्या गटाच्या जवळचे आहेत, पण हे माझं मत झालं, ट्रायल अमेरिकेतली आहे.

आणि अजून एक. त्याच २०२३ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये ब्रिटनच्या चार लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून एक पेपर आला की मशीन वापरणाऱ्यांना डिमेन्शिया कमी होतो. जगभर बातम्या झाल्या. डिसेंबरमध्ये तो पेपर मागं घेतला, कारण कॉम्प्युटरच्या कोडमध्ये गडबड होऊन मशीन वापरणारे आणि न वापरणारे यांची अदलाबदल झाली होती. पेपर गेला पण जाहिराती काही मागं घेतल्या नाहीत कोणी, अजूनही ते आकडे फिरायलेत. कोणी मशीन विकताना डिमेन्शियाची भीती घालत असेल तर शांतपणे उठून या. मशीन घ्यायची ती आबांना नातवाचं बोलणं कळावं, कीर्तन ऐकू यावं, पारावर बसल्यावर लोक हसले तर का हसले ते समजावं म्हणून. तेवढं कारण बास आहे.

अचीव्हमधली माझ्या कामाची खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथं मशीन देऊन घरी पाठवलं नव्हतं, सुरुवातीच्या दोन-अडीच महिन्यांत ऑडिओलॉजिस्टकडं चार वेळा बसवलं आणि पुढं दर सहा महिन्यांनी परत बोलावलं. म्हणजे जो काही फायदा दिसला तो मशीन अधिक सेटिंग अधिक शिकवणं याचा. आपल्याकडं पैसे मशीनवर जातात आणि पुढच्या फेऱ्या कोणी मारत नाही. विकत घेतानाच विचारा, नंतरच्या सेटिंगच्या किती व्हिजिट धरल्यात, त्याचे पैसे वेगळे का, आणि गावाकडं कोण येतं का. या प्रश्नाला जो नीट उत्तर देतो त्याच्याकडून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

घेताना बाकी काय बघायचं. डिजिटल आणि प्रोग्राम करता येणारी पाहिजे, म्हणजे ऑडिओग्रामप्रमाणं बारीक आवाज वाढवता येतात आणि जाड तसेच ठेवता येतात. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारा डबा सगळंच मोठं करतो, पंखा, ताट-वाट्या, कुत्रं, सगळं, आणि आबा दोन दिवसांत काढून फेकतात आणि मग चांगल्या मशीनवरचापण विश्वास जातो. चॅनेल किती, ब्लूटूथ आहे का, याच्या मागं फार पळू नका, घरात चार माणसांत बोलणाऱ्या माणसाला मधल्या किमतीची मशीन नीट सेट केली तर भारी काम करते. दोन्ही कान कमी असतील तर दोन घ्यायला सांगतात, त्यानं आवाज कुठून आला ते कळतं आणि गर्दीत समजायला सोपं जातं, पण बजेट एकाचंच असेल तर एक घ्या, काहीच नसण्यापेक्षा बरी. ट्रायल मागा. चार-पाच दिवस घरी वापरून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

चार्जिंगची का बॅटरीची? शहरात चार्जिंगची सोपी. पण जिथं लाईटचा भरवसा नाही किंवा आबा शेतातल्या आखाड्यावर मुक्कामाला असतात तिथं मी बॅटरीचीच सांगते. बॅटरीच्या नंबरला रंग ठरलेले असतात, १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा, त्यामुळं अक्षर न येणाऱ्या आजीलापण रंग दाखवून आणता येते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर तशीच उघडी ठेवा, ती हवेवर चालते, मग घाला. तालुक्याला मिळतेच असं नाही म्हणून दोन-तीन पत्ते जास्तीचे घेऊन ठेवा. आणि वापरलेली बॅटरी खिडकीत ठेवायची नाही, लेकरं गिळतात किंवा नाकात घालतात. तसं झालं तर पाणी-थेंब काही न घालता लगेच दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही, आत तासाभरात जखम व्हायला लागते.

आता सगळ्यात अवघड भाग, सवय. चष्मा लावला की लगेच दिसतं, मशीनचं तसं नाही. दहा वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत गेलेच नाहीत ते एकदम यायला लागतात आणि आबा म्हणतात "डोकं उठलं, काढा हे." म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, दिवसातून दोन-तीन तास. स्वतःचा आवाज रांजणातून आल्यासारखा वाटतो, ते चालतं, कमी होतं. दुसऱ्या आठवड्यात टीव्ही आणि दोन-तीन माणसं. पेपर मोठ्यानं वाचायला लावा, हा उपाय फुकट आहे आणि छान चालतो. बाजार, लग्न, सप्त्याचा मंडप हे सगळं शेवटी, महिन्याभरानं. पहिल्याच दिवशी लग्नात लावून नेलं तर ती मशीन कायमची पेटीत गेली म्हणून समजा. कशाचा त्रास झाला ते लिहून ठेवा, "भांड्याचा आवाज टोचतो", "फोनवर कळत नाही" असं, नुसतं "बरोबर नाही" सांगितलं तर मला सेटिंगमध्ये काय बदलायचं ते कळत नाही. झोपताना आणि अंघोळीला काढायची, बाकी दिवसभर. फक्त पाहुणे आले की लावायची असं केलं तर सवय कधीच होत नाही.

शिट्टी वाजायलीय? मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा बनवलेला कानात बसणारा तुकडा, नीट बसला नाही, किंवा कानात मळ आहे, किंवा वर काहीतरी झाकलंय. आमच्याकडं टॉवेल, फेटा, कानटोपी आणि बायकांचा पदर यांचा मशीनशी कायम वाद असतो, माईकवर कपडा घासला की खरखर आणि कपडा घट्ट बसला की शिट्टी. पदर कानामागून घ्यायला सांगा. उन्हाळ्यात घाम लई येतो, तर रात्री बॅटरीचं झाकण उघडून मशीन कोरड्या डबीत ठेवा, औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. मोल्ड कोमट पाण्यानं धुवा, पण मशीनपासून वेगळा काढून, मशीन धुवायची नाही. हे सांगावं लागतं.

घरच्यांसाठीपण काम आहे. पाठमोरं किंवा स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत. समोर येऊन, उजेडात, तोंड दिसेल असं, नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश. कळलं नाही तर तेच वाक्य चारदा ओरडण्यापेक्षा शब्द बदला. आणि "जाऊ द्या, काही नाही" हे म्हणायचं बंद करा, त्या चार शब्दांनी माणूस बोलायचा थांबतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर अजून एक फिरायलंय, एका इंजेक्शननं बहिरेपणा बरा. बातमी खोटी नाही. शांघायमध्ये ओटोफर्लिन नावाच्या जीनमध्ये दोष घेऊन जन्मलेल्या सहा लेकरांच्या कानात जीन थेरपी दिली आणि पाच जणांना ऐकू यायला लागलं, २०२४ मध्ये लॅन्सेटला आलं, फार मोठी गोष्ट आहे. पण ती त्या एका दोषापुरती. वयानं किंवा मळणी यंत्रानं गेलेल्या कानाला तिचा उपयोग नाही, त्यासाठी थांबू नका आणि त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पैशाचं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र, काठी, चष्मा असलं साहित्य मिळतं, कानपूरची अ‍ॅलिम्को ही सरकारी कंपनी शिबिरं घेऊन देते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ला आली, ६५ वर्षांवरच्यांना, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर ३००० रुपये खात्यात, त्यात चांगली मशीन येत नाही पण मोल्ड आणि वर्षभराच्या बॅटऱ्या निघतात. फॉर्म सध्या चालू आहेत का ते समाजकल्याण ऑफिसात विचारा. दोन्ही कानांचं ऐकणं ६० डेसिबलच्या पुढं गेलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सरकारी दवाखान्यात अर्ज करा, त्यावर पुढच्या बऱ्याच सवलती अवलंबून असतात.

शिबिरातून मिळालेल्या मशीनबद्दल शेवटचं. ती वाईट नसते, पण गर्दीत तिची सेटिंग घाईत झालेली असते किंवा झालेलीच नसते, आणि मोल्डऐवजी रबरी टोपण दिलेलं असतं, म्हणून लोक म्हणतात सरकारी मशीन बेकार. टाकून देण्याआधी जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडून मोल्ड करून घ्या आणि प्रोग्राम करता येते का ते विचारा. येताना मशीन, बॅटरी आणि ताजा ऑडिओग्राम तिन्ही आणा, आणि आबांनापण आणा. नुसती मशीन पिशवीत घालून पाठवली तर मी काहीच करू शकत नाही.